लेंडकाची साक्ष

भांडगाव परिसरात रात्री शेळी गेली की सकाळी दोन प्रश्न विचारले जातात. किती गेल्या, आणि कुणी नेल्या? पहिल्याचे उत्तर मोजून मिळते. दुसऱ्याच्या उत्तरावर पैसे अवलंबून असतात. बिबट्या, लांडगा किंवा तरस यांनी जनावर मारले असेल तर शासनाची नुकसानभरपाई आहे. गावच्या मोकाट कुत्र्यांनी मारले असेल तर नाही. वनरक्षक येतो, पंचनामा होतो, जनावरांचे डॉक्टर जखमा पाहतात. कुणा शहाण्याने मातीतल्या ठशावर पाटी पालथी घालून ठेवलेली असते. पण माळाची जमीन मुरमाड, आणि उजाडल्यापासून तिथे वीस माणसे फिरून गेलेली. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे मत पंचनाम्यात उतरते.

गावाची जागाच अशी आहे की हा वाद मिटू नये. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत आणि चौफुला यांच्या मध्ये भांडगाव. एका अंगाला पाण्याखालचा ऊस, गुऱ्हाळे, विहिरी आणि बारमाही हिरवळ. दुसऱ्या अंगाला भुलेश्वरच्या डोंगराकडे चढत गेलेला कोरडा माळ. उत्तरेला भीमा ओलांडली की शिरूर तालुका, तिथेही ऊसच. उसात बिबट्या राहतो, माळावर लांडगा, तरस, खोकड आणि कोल्हा. दक्षिणेला सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे. या सगळ्यांच्या वाटा गावाच्या कडेने एकमेकींना छेदून जातात, आणि त्या वाटांवर प्रत्येकजण आपापले लेंडूक टाकून जातो.

मराठीला या बाबतीत शब्दांची ददात नाही. गाईचे शेण, घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या, पाखरांची शीट. मांसाहारी श्वापदाच्या मलाला मात्र असा स्वतंत्र, रोजच्या वापरातला शब्द नाही. वनखात्याच्या कागदात ती ‘विष्ठा’ असते आणि गावात लेंडूक. माझा तर्क असा, की जे सारवायला, जाळायला किंवा शेतात टाकायला उपयोगी पडते त्याला भाषेने नाव दिले, आणि बाकीचे सोडून दिले. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत विज्ञानाने उचलले ते नेमके हे सोडून दिलेले.

डोळ्यांनी ओळखणारे लोक पूर्वीपासून आहेत. मेंढ्या राखणारी धनगर मंडळी लांबून सांगतात. तरसाचे लेंडूक हाडे पचवल्यामुळे वाळल्यावर खडूसारखे पांढरे पडते, आणि तरसे ठरावीक जागी पुन्हा पुन्हा जातात. कोल्ह्याच्या लेंडकात हिवाळ्यात बोरांच्या बिया दिसतात. बिबट्याचे लेंडूक तुकड्यातुकड्यांचे, एका टोकाला निमुळते, केसांनी भरलेले, आणि बहुधा पायवाटेच्या मधोमध टाकलेले. कारण तो नुसता मलविसर्ग नसतो, ती हद्दीची खूण असते. हे ज्ञान खरे आहे. पण त्याला मर्यादा आहे, आणि ती या ज्ञानाच्या अभिमानी मंडळींना आवडत नाही. तरण्या बिबट्याचे लेंडूक आणि मोठ्या कुत्र्याचे लेंडूक यांच्या जाडीत फरक राहत नाही. लांडग्याने शेळी खाल्ली आणि कुत्र्याने तीच शेळी खाल्ली, तर दोन्हींत केस शेळीचेच. कोल्हा की रानमांजर, या प्रश्नावर तर मुरलेले वनरक्षकही फसतात. आकार सांगतो तो अंदाज.

लेंडकात खाल्लेल्या जनावराचे केस असतात हे सगळ्यांना दिसते. न दिसणारी गोष्ट अशी की त्यात खाणाऱ्याचेही काही असते. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी सतत झडत असतात. मल पुढे सरकताना त्या त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बाहेर येतात. म्हणजे वरचा चकचकीत थर खाणाऱ्याचा, आतला गाभा खाल्लेल्याचा. म्हणून तपासणीसाठी नमुना घेतात तो बाहेरच्या थराचा. या पेशींच्या केंद्रकात डीएनए असतो, आणि केंद्रकाबाहेर मायटोकॉन्ड्रिया नावाच्या कणांतही असतो. केंद्रकातल्या डीएनएच्या प्रती एका पेशीत दोनच, एक आईकडची आणि एक बापाकडची. मायटोकॉन्ड्रियाच्या शेकडो-हजारो. उन्हात तडकलेल्या, किड्यांनी पोखरलेल्या लेंडकात दोन प्रती नष्ट होऊ शकतात. हजारांतून काही तरी उरतातच. या एका साध्या गणितावर पुढचे बरेचसे शास्त्र उभे आहे.

उरलेले कण इतके थोडे असतात की थेट वाचता येत नाहीत. ते वाढवावे लागतात. कॅरी मुलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९८३ मध्ये सुचलेली पीसीआर ही पद्धत इथे कामी येते. तिच्यासाठी त्यांना १९९३ चे नोबेल मिळाले. आपल्या घरातले उदाहरण द्यायचे तर विरजणाचे. चमचाभर दह्यातून पातेलेभर दही होते ते जिवाणू दुप्पट-दुप्पट होत जातात म्हणून. पीसीआरच्या नळीत डीएनए तापवून त्याचे दोन पदर सोडवतात, थंड करून नेमक्या हव्या त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना छोटे ‘प्रायमर’ चिकटवतात, आणि एक विकर मधला भाग भरून काढते. एका फेरीत एकाचे दोन. तीस फेऱ्यांत, सगळे सुरळीत झाले तर, एकाचे शंभर कोटींहून जास्त. विरजणात आणि यात फरक एवढाच की विरजण सगळे वाढवते, पीसीआर फक्त प्रायमरने दाखवलेला तुकडा. लेंडकात बहुतांश डीएनए जिवाणूंचा आणि भक्ष्याचा असतो, त्यामुळे हा निवडकपणा अत्यावश्यक.

१९९२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटेखानी टिपण आले. मथियास होस, स्वान्ते पाबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या अस्वलांच्या विष्ठेतून पीसीआरने डीएनए वाढवून दाखवला होता. हेच पाबो पुढे निअँडरथल माणसाच्या हाडांतला डीएनए वाचून २०२२ मध्ये नोबेल घेऊन गेले. हाडातला जुना डीएनए आणि विष्ठेतला ताजा डीएनए यांचे दुखणे एकच: तुटलेला, थोडा आणि घाणीत मिसळलेला. भारतात हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत लालजी सिंग आणि सुनीलकुमार वर्मा यांनी २००३ मध्ये असे प्रायमर प्रसिद्ध केले की जे वेगवेगळ्या असंख्य प्राण्यांवर चालतात. त्यांनी वाढवलेला मायटोकॉन्ड्रियाचा तुकडा वाचला की प्राण्याची जात कळते. जप्त केलेले मांस कुणाचे, कातडे कुणाचे, हे न्यायालयात सांगण्यासाठी ते मुख्यतः केले होते. पण प्रश्न तोच होता, ‘हे कुणाचे?’

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो हे दौंड तालुक्याने २०२४ च्या डिसेंबरात पाहिले. उसाजवळ एका बाईंचा मृतदेह सापडला आणि सगळ्यांनी बिबट्याचे नाव घेतले. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातल्या मृत्यूला महाराष्ट्रात २५ लाख रुपयांची मदत आहे. लोक घाबरलेले आणि संतापलेले होते. नमुने तपासणीला गेले. अहवालात बिबट्याचा मागमूस निघाला नाही, आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. बिबट्याचे दात लागले की लाळ राहते, लाळेत त्याच्या पेशी राहतात. लेंडूक आणि लाळ हे एकाच साक्षीचे दोन प्रकार. फरक असा की लाळ सांगते ‘हे यानेच केले’, आणि लेंडूक फक्त सांगते ‘हा इथे होता’. पंचनाम्यात ही गल्लत फार होते. मेलेल्या शेळीपासून पन्नास पावलांवर बिबट्याचे लेंडूक सापडले म्हणून शेळी बिबट्याने मारली असे होत नाही. शेळीच्या नरड्यावरच्या जखमेतून ओल्या बोळ्याने घेतलेला पुसा अधिक बोलतो, आणि तो पहिल्या काही तासांत घ्यावा लागतो.

जात कळली, तरी कोणता बिबट्या हा प्रश्न राहतोच. मायटोकॉन्ड्रिया इथे उपयोगाचा नाही, कारण तो आईकडून जसाच्या तसा येतो; एका बिबटीणीच्या सगळ्या पिल्लांचा सारखाच. व्यक्ती ओळखायची तर केंद्रकातल्या त्या दोन दुर्मिळ प्रतींकडेच जावे लागते. तिथे काही जागी दोन-तीन अक्षरांचा तुकडा तोतऱ्यासारखा पुन्हा पुन्हा येतो: सीए, सीए, सीए. कुणात तो १२ वेळा, कुणात १५ वेळा. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. प्रत्येक जागी आईकडून एक आकडा, बापाकडून एक. एका जागेवर दोन बिबट्यांचे आकडे जुळू शकतील. आठ जागांवर सगळे जुळणे कठीण.

नेमके आठ हा आकडा मी उगाच घेतला नाही. सम्राट मोंडल, विद्या अत्रेय, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘बीएमसी जेनेटिक्स’ मध्ये जे काम प्रसिद्ध केले त्यात आठच जागा निवडल्या होत्या. आधी रानातून पकडलेल्या ३७ बिबट्यांवर इतर प्राण्यांसाठी शोधलेल्या २९ जागा तपासल्या, २५ चालल्या, त्यांतून विष्ठेतही टिकणाऱ्या आणि पुरेशी विविधता असणाऱ्या आठ ठेवल्या. मग कसोटी कडक लावली. दोन अनोळखी बिबटे चुकून सारखे दिसण्याची शक्यता कुणीही काढेल. त्यांनी सख्ख्या भावंडांची काढली. ती ०.०००५ आली, म्हणजे भावंडांच्या दोन हजार जोड्यांत एखादी. नंतर पश्चिम भारतातल्या दाट मनुष्यवस्तीच्या भागातून गोळा केलेल्या विष्ठांवर हीच पद्धत लावली, तर सात वेगवेगळे बिबटे निघाले. जंगल नसलेल्या, माणसांनी भरलेल्या प्रदेशात. ‘एखादा वाट चुकून आला असेल’ असे तोवर म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते, आणि तेही पिंजरा न लावता, भुलीचे इंजेक्शन न देता, कुणाच्या केसालाही धक्का न लावता मिळालेले.

त्याच लेखात शंभरातल्या सुमारे अठ्ठावीस लेंडकांनी चांगल्यात चांगल्या परिस्थितीतही दाद दिली नाही हेही लिहिले आहे, आणि वाचनातल्या चुका जागेनुसार ० ते ७.४ टक्के. ही चूक कशी होते ते कळले पाहिजे, कारण लोकांना डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य वाटते. बिबट्याचे एका जागेवरचे आकडे १२ आणि १५ आहेत असे धरू. लेंडकात डीएनए इतका थोडा की नळीत नेमकी १२ चीच प्रत आली आणि १५ ची राहून गेली. मग यंत्र सांगते १२-१२. हा नवा बिबट्या झाला, प्रत्यक्षात नसलेला. अशा चुका साठल्या की दोन बिबट्यांचे पाच होतात आणि तालुक्यात घबराट होते. म्हणून प्रत्येक नमुना अनेकदा वाचतात, आणि पुन्हा पुन्हा तेच उत्तर आले तरच मान्य करतात. सोबत एक नळी मुद्दाम रिकामी, बिनडीएनएची चालवतात. तिच्यात काही उगवले तर समजायचे की प्रयोगशाळेतच भेसळ झाली आणि त्या दिवसाचे सगळे काम फेकून द्यायचे. एखादी प्रयोगशाळा विश्वासाची आहे की नाही हे मी तरी तिच्या रिकाम्या नळीवरून ठरवतो.

इथे एक आडवळण घेतो, कारण लेंडकाच्या गाभ्यातही आपल्याविषयी काही आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले भागातल्या बिबट्यांच्या विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले. प्रत्येक प्राण्याच्या केसाची आतली रचना वेगळी असते, त्यावरून. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्याच्या वजनातला ८७ टक्के भाग पाळीव आणि गावठी जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी ताटात कुत्रा पुढे. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रा उकिरड्यावर. म्हणजे उसातला बिबट्या ज्या अन्नावर जगतो त्यातले बरेचसे आपण रस्त्याकडेला टाकलेल्या कचऱ्यातून पोसलेले आहे. भांडगावातून जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला ढाब्यांमागे जी कुत्र्यांची टोळकी दिसतात, त्यांच्याकडे हे वाचल्यावर वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

व्यक्ती ओळखण्याची गरज कुठे लागते, तर शिरूर तालुक्यात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाले तसे काही घडते तेव्हा. पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात तीन आठवड्यांच्या सुमारास तिघांचा जीव गेला, त्यांत दोन मुले. रस्ते अडले, पिंजरे लागले, एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. अशा वेळी लोकांची मागणी असते, बिबटे पकडा. पण पिंजऱ्यात कोण येतो? त्या रात्री शेळीच्या वासाला भुललेला कोणताही. ज्यांच्या घरातले मूल गेले त्यांना ‘बिबट्या पकडला’ हे पुरत नाही. तोच होता का, हे त्यांना हवे असते, आणि ते मागण्याचा त्यांना हक्क आहे. जखमेतली लाळ आणि पकडलेल्याचा नमुना शेजारी ठेवून आठ जागा ताडून पाहिल्या की याचे उत्तर मिळू शकते. उत्तर ‘नाही’ आले तर खरा अजून मोकळा आहे हेही कळते, आणि मुलांना एकटे न सोडण्याची दवंडी चालू ठेवता येते.

चुकीचा बिबट्या उचलून दूर सोडला तर काय होते याचा धडा याच जिल्ह्याने दिला आहे. जुन्नर वनविभागात २००१ पासून पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याची मोहीम चालली. तोवर माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. त्यानंतरच्या काळात सतरा झाले. रिकाम्या हद्दीत नवे, अननुभवी बिबटे शिरतात, आणि सोडलेले बिबटे अनोळखी मुलखात भेदरून फिरतात, अशी कारणे त्या अभ्यासातून पुढे आली. ‘आजोबा’ चित्रपटामुळे घरोघरी पोचलेला बिबट्या आठवा. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा म्हातारा २००९ मध्ये माळशेजला सोडल्यावर सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात गेला. हे कळले ते त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून. बाकी सगळ्या बिनपट्ट्याच्या बिबट्यांचा प्रवास त्यांच्या लेंडकांतच लिहिलेला असतो. मध्य भारतात तो वाचलाही गेला: सहा संरक्षित क्षेत्रांतल्या ५५ वाघांच्या अशाच नमुन्यांवरून आदित्य जोशी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की वाघ साडेसहाशे किलोमीटरच्या घरातले अंतर कापून दुसऱ्या अरण्यात जातात, आणि त्यांना अडवते ते अंतर नव्हे, वस्त्या आणि रस्ते.

माळावरचा प्रश्न मात्र उसातल्यापेक्षा अवघड आहे. बिबट्या आणि कुत्रा एकमेकांपासून इतके दूर की मायटोकॉन्ड्रियाचा लहानसा तुकडा पुरतो. लांडगा आणि कुत्रा ही एकाच घराण्यातली. भारतीय लांडगा हा लांडग्यांच्या जगातल्या फार जुन्या शाखांपैकी एक असल्यामुळे त्याचा मायटोकॉन्ड्रिया कुत्र्यापेक्षा वेगळा ओळखू येतो, इथवर ठीक. पण कुत्र्यापासून लांडगिणीला पिल्ले झाली तर? त्या पिल्लांचा मायटोकॉन्ड्रिया शुद्ध लांडग्याचा. लेंडूक तपासणारा छातीठोकपणे ‘लांडगा’ लिहील आणि अर्धे रक्त कुत्र्याचे असेल. पुण्याच्या आसपासच्या माळांवर पिवळसर, वेगळ्या अंगकाठीचे लांडगे निसर्गप्रेमींना दिसत होते. द ग्रासलँड्स ट्रस्टचे मिहीर गोडबोले, ‘एट्री’चे अबी तमीम वनक आणि बेंगळुरूच्या एनसीबीएसमधले संशोधक यांनी केंद्रकातल्या डीएनएचे हजारो बिंदू तपासून २०२३ मध्ये सिद्ध केले की हा लांडगा-कुत्रा संकर आहे. भारतात तो जनुकीय पुराव्याने प्रथमच दिसला, आणि दिसला तो आपल्या अंगणात.

यातून नुकसानभरपाईच्या कागदावर काय लिहायचे ते कुठल्याही नियमात नाही. संकराने शेळी मारली तर ती लांडग्याने मारली की कुत्र्याने? मेंढपाळाची मेंढी तर गेलीच आहे. माझ्या मते अशा वेळी भरपाई द्यावी. त्यात शास्त्र कमी आणि व्यवहार जास्त आहे: भरपाई नाकारलेला मेंढपाळ पुढच्या खेपेला पंचनाम्याला कुणाला बोलावत नाही, मेलेल्या मेंढीवर विष टाकतो, आणि त्या विषाने संकर मरतो, लांडगा मरतो, तरस मरते, खोकडही मरते.

आता थोडे हातातले काम. लेंडूक हाताने उचलू नये. कुत्रा-कोल्हा वर्गाच्या विष्ठेत फीतकृमींची अंडी असतात आणि ती माणसाच्या यकृतात गाठी करतात. वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळाही करू नये, ते कायद्यात बसत नाही. पण पाहता येते, जागा आणि तारीख लिहून ठेवता येते, शेजारी काडेपेटी ठेवून फोटो घेता येतो आणि वनरक्षकाला फोन करता येतो. नमुना घेणारा बाहेरच्या थराचा तुकडा अल्कोहोलात किंवा सिलिका जेलमध्ये ठेवतो. पाणी गेले की डीएनए टिकतो, ओलाव्यात कुजतो. त्यामुळे आपल्याकडे या कामाचा हंगाम ठरलेला आहे. पावसाळ्यात शेणकिडे आणि पाऊस मिळून लेंडूक दोन दिवसांत नाहीसे करतात. मे महिन्यातले ऊन डीएनए तोडते. ऊसतोड सुरू झाली, पाचट हलले, बांध मोकळे झाले आणि पहाटे थंडी पडली, की डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने सर्वांत चांगले. सकाळी लवकर निघावे, म्हणजे ट्रॅक्टरच्या आधी पाणंदीत पोचता येते.